पाणी आपला हक्क आहे, म्हणजे नेमकं काय आहे?

२०१६ चा एप्रिल. लातुरात आमच्या नळाला पाणी येणं थांबून कितीतरी दिवस झालेले, मांजरा धरण कोरडं पडलेलं, आणि मार्चमध्येच प्रशासनानं शहरातल्या पाणी भरायच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावलं होतं, म्हणजे पाचपेक्षा जास्त माणसांनी तिथे जमायचं नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. दंगलीच्या वेळी लावायचे ते कलम आता घागरींच्या रांगेला लागलंय हे मला पेपर वाचून कळलं, आणि खरं सांगते, तेव्हा त्यात काही चुकीचं पण वाटलं नाही, कारण टाकीवर रोज भांडणं होत होती. आमच्या गल्लीत टँकर आला की आई निळ्या ड्रमच्या तोंडावर जुन्या सुती साडीचं फडकं बांधायची, चार पदरी, आणि पाणी भरून झालं की ते फडकं उलटं करून बघायची. त्यावर तांबूस गाळ असायचा, कधी बारीक शेवाळ. ते फडकं ती तारेवर वेगळं वाळत घालायची, दुसऱ्या कशाला वापरायची नाही.

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वॅगन, साधारण पाच लाख लिटर पाणी. त्या टाकीच्या वॅगन आधी राजस्थानात कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेनं धुऊन घेतल्या होत्या. सगळ्या शहराला इतकं बरं वाटलं त्या दिवशी, आम्ही सगळे म्हणत होतो की सरकारनं मोठे उपकार केले. मिरजेच्या लोकांचे उपकार तर खरेच होते, ते मी विसरणार नाही. पण "उपकार" हा शब्द माझ्या डोक्यात नंतर खूप वर्षं अडकून राहिला, कारण पाणी हा मानवी हक्क आहे असं आपण भाषणात ऐकतो, शाळेच्या पुस्तकात वाचतो, मग हक्काची गोष्ट मिळाल्यावर आपल्याला उपकार का वाटले?

ते समजून घ्यायला मी जे जे वाचलं, विचारलं, ते इथे सोप्या भाषेत लिहिते.

सगळ्यात आधी हक्क म्हणजे काय ते बघू, कारण बहुतेक लोक इथेच गोंधळतात. तहान लागणं ही गरज झाली. शेजारणीनं कळशीभर पाणी दिलं ती मदत झाली. निवडणुकीच्या आधी कोणी स्वखर्चानं टँकर पाठवला तर ती मेहेरबानी. हक्क तेव्हा होतो जेव्हा पाणी देणं हे कुणाचं तरी ठरलेलं काम असतं आणि ते काम झालं नाही तर त्याला जाब विचारायला तुमच्याकडे जागा असते. म्हणजे हक्काला तीन माणसं लागतात, एक ज्याचा हक्क आहे तो, दुसरा ज्याच्यावर जबाबदारी आहे तो, आणि तिसरा जो ह्या दोघांमध्ये निवाडा करू शकतो. ह्यातलं एक जरी नसलं तरी उरते ती गरज किंवा मेहेरबानी. पुढचं सगळं ह्या तीन माणसांभोवतीच आहे.

मराठी माणसाला हे बाहेरून कोणी शिकवायची गरज नाही खरं तर. महाडचं चवदार तळं आठवा. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव पास झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तसा ठराव करून तळं खुलं केलं. कागदावर काम संपलं. पण तळ्यावर जायची हिंमत कोणाची होत नव्हती, आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यापर्यंत चालत गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले, तेव्हा कुठे त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतर काय झालं ते पण माहिती पाहिजे. परत येणाऱ्या लोकांना मारहाण झाली, १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं "शुद्ध" केलं गेलं, ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं स्वतःचाच ठराव मागे घेतला, आणि सवर्ण मंडळी कोर्टात गेली की हे तळं खाजगी आहे. ती केस मुंबई हायकोर्टात जाऊन संपली १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं! एका ओंजळीसाठी.

मला ह्यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू का, तळ्यात पाणी भरपूर होतं. दुष्काळ नव्हता. म्हणजे पाण्याचा हक्क हा पाणी किती आहे ह्याच्यापेक्षा ते कोणाला मिळतं, कोण ठरवतं, ह्याचा प्रश्न आहे, आणि आजही तसाच आहे. घटनेच्या कलम १५ मध्ये ह्या लढ्याची खूण स्पष्ट दिसते, तिथे विहिरी, तळी, स्नानाचे घाट असे शब्द घालून लिहिलंय की सरकारी पैशानं पूर्ण किंवा अंशतः चालणाऱ्या अशा जागा वापरायला जात, धर्म, लिंग, जन्मस्थान ह्यावरून कोणाला अडवता येणार नाही. इतक्या मोठ्या देशाच्या घटनेत विहिरीचा उल्लेख आहे, ही किती मोठी गोष्ट आहे विचार करा.

आता एक अडचण. "प्रत्येकाला स्वच्छ पिण्याचं पाणी मिळण्याचा हक्क आहे" असं सरळ वाक्य घटनेत कुठेच नाही. ते कोर्टांनी कलम २१ मधून काढलं. कलम २१ म्हणतं की कायद्यानं ठरवलेल्या पद्धतीशिवाय कोणाचं जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. आता जीवित म्हणजे नुसता श्वास चालू असणं का? सुप्रीम कोर्ट म्हणालं, नाही, माणसासारखं जगणं. आणि १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य ह्या केसमध्ये कोर्टानं लिहिलं की जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा येते. ही केस मजेशीर आहे, कोळसा धुतलेलं घाण पाणी बोकारो नदीत सोडतात अशी तक्रार होती, आणि कोर्टानं ती याचिका फेटाळली होती, म्हणाले ह्याच्यामागे याचिकाकर्त्याचा वैयक्तिक राग आहे. याचिका गेली पण ते एक वाक्य राहिलं, आणि गेली तीसेक वर्षं पाण्याच्या प्रत्येक केसमध्ये वकील तेच वाक्य घेऊन उभे राहतात.

जगाच्या पातळीवर २८ जुलै २०१० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव केला की सुरक्षित पिण्याचं पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क आहे. १२२ देश बाजूनं, ४१ तटस्थ, विरोधात एकही नाही. भारतानं बाजूनं मत दिलं. त्याच्याही आधी २००२ मध्ये त्यांच्याच एका समितीनं पाण्याच्या हक्कात काय काय येतं ते फोड करून लिहिलं होतं, ते मला सगळ्यात उपयोगी वाटतं कारण त्यामुळे "पाणी मिळतंय की" ह्या उत्तरावर गप्प बसावं लागत नाही. पाणी पुरेसं हवं, सुरक्षित हवं, वासारंगानं चवीनं पिण्याजोगं हवं, जवळ हवं, आणि परवडणारं हवं. पाचही एकदम. आमच्या गल्लीतला टँकर ह्या पाचात बसवून बघितला तर एकातही धड बसत नव्हता.

पुरेसं म्हणजे किती? संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत माणशी रोज ५० ते १०० लिटर असा आकडा येतो. आपल्याकडे २०१९ च्या १५ ऑगस्टला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी रोज ५५ लिटर धरलंय, आणि शहरासाठी साधारण १३५ लिटरचं मोजमाप वापरतात. टंचाईच्या टँकरला महाराष्ट्रात माणशी २० लिटर. वीस लिटर म्हणजे दीड-दोन हंडे हो! त्यात पिणं, स्वयंपाक, भांडी, अंघोळ, संडास, घरात बाळंतीण असली तर तिचं, म्हाताऱ्याचं पथ्य, सगळं. टँकरच्या दिवसांत आई अंघोळीचं पाणी परातीत उभं राहून घ्यायला लावायची आणि तेच पाणी मग संडासाला, आमच्या सगळ्या गल्लीत हेच चालायचं. ह्यात पाणी जवळ असणं पण धरा, त्या कागदपत्रांत म्हटलंय की पाण्याची जागा एक किलोमीटरच्या आत हवी आणि जाऊन येऊन अर्ध्या तासाच्या वर वेळ जायला नको. आपल्याकडे हा वेळ बाईचा जातो आणि शाळेतल्या पोरीचा जातो, म्हणून तो कोणी मोजत नाही. मुलगी दहावीत असो की पाचवीत, घरात पाणी नसलं की पहिला खाडा तिचा.

आता मुंबईची गोष्ट, कारण "हक्क कोणाचा" ह्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे मिळतं. मुंबईत ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्या अनधिकृत, आणि अनधिकृत झोपडीला अधिकृत नळ नाही, असा वर्षानुवर्षांचा नियम होता. मग ही माणसं पाणी पीत नव्हती का? पीत होती. शेजारच्या वस्तीतून पाइप ओढून, कोणा दादाकडून विकत, डब्यानं, ड्रमनं. पाणी हक्क समिती नावाच्या संघटनेनं हायकोर्टात जनहित याचिका केली. महापालिकेचं म्हणणं होतं की पाणी दिलं तर बेकायदा बांधकामाला प्रोत्साहन मिळेल. १५ डिसेंबर २०१४ ला न्यायमूर्ती अभय ओक आणि ए. एस. गडकरी ह्यांच्या खंडपीठानं सांगितलं की पाण्याचा हक्क हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा आहे एवढ्या कारणावरून आत राहणाऱ्या माणसाला पिण्याचं पाणी पूर्ण नाकारता येणार नाही, महापालिकेनं धोरण करावं. कोर्टानं सगळं काही दिलं नाही हे पण सांगायला पाहिजे. अधिकृत रहिवाशासारखंच घराघरात पाणी द्या असं म्हटलं नाही, दर जास्त लावायची मुभा ठेवली, सार्वजनिक नळ दिला तरी चालेल असं सुचवलं. त्यानंतर जे धोरण आलं त्यात पण काही जागा वगळल्या गेल्या, फुटपाथ, केंद्र सरकारच्या जमिनी वगैरे, आणि "सर्वांसाठी पाणी" हे धोरण यायला २०२२ उजाडलं. पण त्या निकालानं एक गोष्ट कायमची केली. घर बेकायदा असू शकतं, तहान बेकायदा नसते.

बरं, परवडण्याचा मुद्दा ह्याच गोष्टीत आहे. लोकांना वाटतं गरिबांना पाणी फुकट पाहिजे. हिशोब करून बघा, समजा एखादी बाई २० लिटरचा जार २० रुपयाला घेते. लिटरला एक रुपया. म्हणजे हजार लिटरला हजार रुपये, आणि ज्याच्या घरात महापालिकेचा नळ आहे त्याला तेच हजार लिटर काही रुपयांत मिळतं. वस्तीतली बाई फ्लॅटमधल्या माणसापेक्षा कितीतरी पट महाग पाणी पिते, आणि ते पण तपासलेलं नसतं, नुसतं थंड केलेलं. पाण्याच्या हक्काचा अर्थ पाणी फुकट असा कुठेच लिहिलेला नाही. अर्थ असा आहे की पैसे नाहीत म्हणून कोणाचं पाणी शून्यावर येता कामा नये, आणि पाण्याच्या बिलापायी औषध किंवा फी मागे पडता कामा नये. दक्षिण आफ्रिकेनं १९९६ च्या घटनेत पुरेशा पाण्याचा हक्क सरळ लिहूनच टाकलाय, आणि तिथे जोहान्सबर्गजवळ सोवेटोमधल्या फिरी भागातले लोक कोर्टात गेले होते कारण प्रीपेड मीटर बसवले, महिन्याचं ६००० लिटर फुकटचं संपलं की नळ बंद. एका मीटरवर मागच्या खोल्यांतले भाडेकरू धरून मोठमोठी कुटुंबं. २००९ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं महापालिकेचं धोरण वाजवी आहे असं ठरवलं, लोक हरले. हे मुद्दाम सांगतेय, कारण घटनेत एक वाक्य घातलं की प्रश्न सुटला असं काही लोकांना वाटतं. तसं होत नाही.

आणि नळ असला तरी पाणी येईलच असं कुठेय. भिवंडी तालुक्यातल्या कांबे गावचे लोक २०२१ मध्ये हायकोर्टात गेले, त्यांचं म्हणणं होतं की महिन्यातून दोनदा, ते पण दोन-दोन तास पाणी येतं. कोर्टानं सुनावलं की नियमित पाणी मिळणं हा मूलभूत हक्क आहे, आणि स्वातंत्र्याला ७५ वर्षं होत आली तरी लोकांना पाण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते ही दुर्दैवाची गोष्ट आहे. त्याच ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुका आहे, भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं तिथलीच, मुंबईची तहान भागवणारी, आणि दर उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकर जातो. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण शहापूरच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. जलवाहिनी गावाच्या बाजूनं जाते, तिच्यावर उभं राहून पोरं खेळतात, आणि आई दरीत उतरून झऱ्याला वाटी लावून बसते.

लोक म्हणतात पाणीच नाही तर हक्क काय चाटायचाय. ह्याला उत्तर म्हणून मी एक साधं गणित मांडते, कोणीही करून बघा. हजार माणसांचं गाव, माणशी रोज ५५ लिटर, वर्षाचे ३६५ दिवस. उत्तर येतं दोन कोटी लिटर. पाटानं भिजवलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाला लागणारं पाणी पण साधारण दोन कोटी लिटरच्या पुढेमागेच असतं. एका हेक्टरला. अडीच एकराच्या एका तुकड्याचं पाणी आणि अख्ख्या गावाचं वर्षाचं पाणी सारखं! लातूरचं बघा, पाच लाखांचं शहर, माणशी १३५ लिटर धरलं तर वर्षाला साधारण २५ दलघमी (म्हणजे दशलक्ष घनमीटर) लागतं, आणि मांजरा धरण भरलं की वापरायचा साठा १७७ दलघमीच्या आसपास, म्हणजे शहराचा वाटा सातव्या हिश्श्याइतका. बाष्पीभवन आहे, गाळ आहे, त्याच धरणावरची इतर गावं आहेत, सगळं मान्य, पाऊसच पडला नाही तर धरण भरणारच नाही हे पण मान्य. पण चांगल्या वर्षी भरलेलं धरण वाईट वर्षासाठी पिण्यापुरतं राखून ठेवायचं की नाही, हा पावसाचा प्रश्न नाही, तो माणसांनी बसून घ्यायचा निर्णय आहे. मी ऊसवाल्या शेतकऱ्याच्या विरोधात नाही, माझ्या मामाचाच ऊस आहे, दुसऱ्या कुठल्या पिकाला हमखास भाव नाही म्हणून तो लावतो. पण राज्याच्या धोरणात पिण्याचं पाणी कायम पहिल्या नंबरवर आहे. २००३ च्या धोरणात दुसरा नंबर उद्योगांचा होता, लोकांनी आवाज उठवल्यावर २०११ मध्ये शेती दुसऱ्या नंबरावर आली, भांडण झालं ते दुसऱ्या नंबरचं. पहिला नंबर कागदावर कोणी हलवला नाही. तो पाळला जातो का हे फेब्रुवारी-मार्चमध्ये कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

जमिनीखालच्या पाण्याचं तर अजूनच अवघड आहे. आपल्याकडे १८८२ चा वहिवाटीच्या हक्कांचा इंग्रजांच्या काळातला कायदा आहे, त्यानुसार ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी. पण पाण्याला बांध कळत नाही ना! मी माझ्या रानात पाचशे फूट बोअर मारलं तर शेजारच्या गावविहिरीचं पाणी पण माझ्याकडेच येणार. म्हणून महाराष्ट्रात १९९३ मध्येच कायदा झाला की गावाच्या सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घ्यायची नाही, आणि २००९ चा भूजल कायदा, जो २०१४ पासून लागू झाला, त्यात शेती-उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. मराठवाड्यातल्या कुठल्याही बोअरच्या गाडीवाल्याला विचारा दोनशे फुटावर कोण थांबतं. पाचशे, सातशे, हजार फूट चालतं.

आणि खोल जाण्याचा त्रास फक्त पाणी संपण्याचा नाही. खोलातलं पाणी खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, त्यात काही भागांत फ्लोराइड विरघळलेलं असतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत पोरांचे दात पिवळे-तपकिरी दिसतात, मोठ्या माणसांचे गुडघे आखडतात, ते ह्यानं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा काही पर्यायच नसेल तर जास्तीत जास्त दीड. हे डोळ्याला दिसत नाही, चवीला कळत नाही, आणि उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. ही गोष्ट आपल्या बायांना माहिती असलीच पाहिजे, कारण "उकळून प्या" हे आपल्याकडे सगळ्यावरचं औषध समजतात. उकळल्यानं जंतू मरतात, ते खरं. फ्लोराइड, नायट्रेट तसंच राहतं.

जंतूंचं म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याकडच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी इकडे गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले, हातपाय लुळे पडत होते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. दूषित पाण्यावर संशय गेला आणि तपासण्यांत जंतूही सापडले. ही गावं महापालिकेत नव्यानं आलेली, घरपट्टी शहराची सुरू झालेली पण पाणी विहिरीचं, जलशुद्धीकरण केंद्रातून न आलेलं. म्हणून "सुरक्षित" हा शब्द हक्कात वेगळा लिहिलाय. नळाला धार आली म्हणजे झालं, असं नाही.

जल जीवन मिशननं नळ पुष्कळ पोचवले हे मान्य करायला पाहिजे, २०१९ मध्ये देशातल्या खेड्यांत सहातल्या एका घरात नळ होता, २०२५ च्या बजेटमध्ये तो आकडा ८० टक्के सांगितला गेला आणि योजनेला २०२८ पर्यंत मुदत वाढवून दिली. पण नळ मोजणं सोपं असतं, नळातून वर्षाचे बाराही महिने येणारं पाणी मोजणं अवघड. उन्हाळ्यात तुमच्या गावच्या नळाची तोटी फिरवा, काय येतं ते तुम्हीच बघा.

मग आपण विचारायचं कुणाला? दुसरं माणूस आणि तिसरं माणूस असं मी वर लिहिलं ना, ते शोधायचंय. खेड्यात पिण्याचं पाणी हे ग्रामपंचायतीचं काम आहे, घटनेच्या अकराव्या अनुसूचीत ते लिहिलंय, शहरात महापालिका-नगरपालिकेचं, ते बाराव्या अनुसूचीत. प्रत्येक ग्रामपंचायतीत एक जलसुरक्षक असतो, विहिरीत-टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची जंतू मारणारी पावडर, टाकणं आणि नमुने लॅबला पाठवणं त्याच्याकडे. वर्षातून दोनदा पाण्याच्या जागांची पाहणी होते आणि गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं, आपल्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं हे विचारायला कसलाही अर्ज लागत नाही, ग्रामसभेत उभं राहून विचारायचं. नाही सांगितलं तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज. गेल्या सहा महिन्यांत किती नमुने तपासले, किती दूषित निघाले, टीसीएल किती घेतली, कोणत्या तारखांना टाकली. एवढे चार प्रश्न. तक्रार तोंडी करायची नाही, लेखी द्यायची आणि पोच घ्यायची, ही पोच म्हणजे तुमची हक्काची पावती समजा, कारण पुढे पंचायत समिती, जिल्हा परिषद, कोर्ट, कुठेही गेलात तरी पहिलं तेच विचारतात, आधी कोणाला आणि कधी कळवलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी मावशीकडे गेले होते, गावाचं नाव लिहीत नाही. जल जीवनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं ट्रेनिंग देतात, मावशी त्यातली एक. सातवी शिकलेली. सकाळी नळाला पाणी आल्यावर तिनं ती छोटी काचेची नळी तीनदा विसळून भरली, त्यात ओटी नावाच्या क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकले, बूच लावून हलवली आणि दारात उजेडाकडे धरली. पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. मी पण डोळे बारीक करून बघत होते. काहीच नाही, पांढरं स्वच्छ पाणी, दिसायला इतकं सुंदर. मावशी म्हणाली, "दिसतंय चांगलं. पण ह्यात औषध न्हाई."

तिनं तिथूनच जलसुरक्षकाला फोन लावला, पोरगं तिच्या लेकाच्याच वयाचं.

"टीसीएल कधी टाकलंस रे शेवटचं?"

"पावडरच संपलीय काकू."

"कधी संपली?"

"झाले की आठ दिवस. मागवलीय, आली न्हाई."

"बरं. मग वहीत तसंच लिही. आज नळाला क्लोरीन न्हाई, पावडर आठ दिवसांपासून न्हाई. तारीख घाल आन सही कर, मी येते सही करायला."

चहा तसाच ठेवून, पदर खोचून ती निघाली, नळी हातातच होती. मी तिच्या मागे मागे. वाटेत तीन घरांत तिनं आत डोकावून सांगितलं, आजचं पाणी उकळल्याबिगर पोरांला देऊ नका.